नाकारलेल्या अकरा फायली

२०२१ च्या जूनमध्ये एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत त्यांचा खाद्यपदार्थांचा कारखाना आहे. मी बँकेच्या मिड कॉर्पोरेट विभागात पुण्याला होते तेव्हा चार वर्षं त्यांचं खातं माझ्याकडे होतं. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. एका फंडाने आपल्यात साठ कोटी घातले. चोवीस टक्के दिले त्यांना." आवाजात टोमणा नव्हता. घरातल्या माणसाला चांगली बातमी कळवावी तसं त्यांनी कळवलं. मी अभिनंदन केलं, फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

२०१९ मध्ये याच माणसाला मी नाही म्हटलं होतं. त्यांना पंचवीस कोटी हवे होते. पंधरा कोटी नव्या उत्पादन लाइनसाठी आणि दहा कोटी कर्नाटक-गुजरातमध्ये वितरक उभे करायला. लाइनचं एक वेळ जमलं असतं, पण वितरणावर खर्च होणाऱ्या दहा कोटींतून उभं काय राहणार? त्यात गहाण ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. तारणाचं प्रमाण आमच्या धोरणाच्या खाली जात होतं. मी चार पानांची टिपण्णी लिहिली आणि वरच्या सगळ्यांनी त्यावर सही केली. बँकेच्या नियमांप्रमाणे तो निर्णय बरोबर होता आणि आजही मी तसंच म्हणेन.

मला लागलं ते वेगळंच होतं. दर महिन्याला त्यांचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक माल आणि येणी यांची यादी, माझ्या टेबलावर यायचं. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या मालावर आणि येण्यावर किती रक्कम उचलता येईल तो आकडा, मी काढायचे. कुठला देणेकरी नव्वद दिवसांच्या पुढे गेलाय हे मला तोंडपाठ असायचं. तरी फंडाच्या माणसांनी तीन महिन्यांत जे पाहिलं ते मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. मी गोदामातली पोती मोजली. ते कोल्हापूर आणि सोलापूरच्या किराणा दुकानांत जाऊन बसले आणि माल संपल्यावर दुकानदार कितव्या दिवशी परत मागवतो ते मोजून आले.

मी मूळची मिरजेची. २०१३ ला सीए झाले आणि २०१४ ला एका खासगी बँकेत कर्ज विभागात लागले. २०१९ पर्यंत पुण्यात होते, मग मुंबईच्या मुख्य कार्यालयात क्रेडिट अंडररायटिंगला, म्हणजे कर्जाचे प्रस्ताव तपासायला, आले. २०२० मध्ये हप्तेस्थगिती आणि सरकारी हमीची तातडीची कर्जं, म्हणजे ईसीएलजीएस, यांत आम्ही रात्रंदिवस बुडालो होतो. काम आवडत नव्हतं असं अजिबात नाही. कारखान्यात जाणं, मालकाशी बोलणं, ताळेबंद वाचणं हे मला अजूनही जिवापाड आवडतं. पण त्या फोननंतर वाटायला लागलं की मी या उद्योगांना एकाच बाजूने पाहतेय.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय हे मला तेव्हा पुस्तकी पातळीवर माहीत होतं. मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून फंड उभा करायचा. तो सेबीच्या २०१२ च्या एआयएफ, म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधींच्या, नियमांखाली, बहुतेक वेळा दुसऱ्या प्रवर्गात नोंदवायचा. एका गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान एक कोटी घालावे लागतात. फंड ते पैसे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांच्या भागभांडवलात घालतो आणि काही वर्षांनी हिस्सा विकून परत करतो. फंडाचं आयुष्य ठरलेलं असतं, म्हणून आत शिरतानाच बाहेर पडायचा रस्ता शोधावा लागतो. मला हे सगळं पाठ होतं. पण पाठ असणं आणि त्या बाजूला उभं राहून पाहणं यात किती अंतर आहे ते पुढच्या वर्षभरात कळत गेलं.

पहिल्यांदा मी एका भरती सल्लागाराशी बोलले. भला माणूस होता आणि स्पष्ट बोलला. फंडांची टीम लहान असते, दहा-पंधरा माणसांची. जागा वर्षाला एखादी निघते, तीही आधी ओळखीत भरते. माणसं घेतात ती इन्व्हेस्टमेंट बँकेतली, नाहीतर मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या डील विभागातली. "तुम्ही क्रेडिटवाल्या. तुम्ही प्रायव्हेट क्रेडिट फंड बघा, तिथे लगेच होईल." सल्ला चुकीचा नव्हता. त्या फंडांचं कामही बँकेतल्या कामासारखंच असतं, फक्त व्याज जास्त आणि अटी कडक. दोन ठिकाणी मी बोलूनही आले. परतताना लोकलमध्ये लक्षात आलं की मला तेच काम जास्त पगारात करायचं नाहीये. पंचवीस कोटींची ती फाईल ज्या बाजूने पाहायला हवी होती, त्या बाजूला मला जायचं होतं.

बँकेतून या क्षेत्रात येणं तसं नवं नाही, हे मला नंतर समजलं. आपल्याकडे व्हेंचर भांडवलाची, म्हणजे नव्या उद्योगांत जोखीम घेऊन हिस्सा घ्यायच्या पद्धतीची, सुरुवातच विकास बँकांच्या घरात झाली. आयसीआयसीआय आणि यूटीआय यांनी मिळून १९८८ मध्ये टीडीआयसीआय ही कंपनी काढली, तीच पुढे आयसीआयसीआय व्हेंचर झाली. रेणुका रामनाथ मुंबईच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल इंजिनियर झाल्या, आयसीआयसीआयच्या मर्चंट बँकिंगमध्ये वाढल्या, मग आयसीआयसीआय व्हेंचरच्या प्रमुख झाल्या आणि २००९ मध्ये त्यांनी 'मल्टिपल्स' हा स्वतःचा फंड सुरू केला. माझी आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. पण त्या दिवसांत हे वाचून मला खूप बळ आलं, हे सांगायलाच हवं.

तयारीचे पहिले चार महिने मी एक्सेलमध्ये घालवले. पहाटे पाच ते सात, आणि शनिवार-रविवार. परदेशी अभ्यासक्रम विकत घेतला. त्यात सगळा भर कर्ज काढून कंपनी विकत घेण्यावर. भरपूर कर्ज घ्यायचं, कंपनीच्याच रोकडीतून ते फेडायचं आणि उरलेला मालकी हिस्सा फुगलेला मिळवायचा. मी ती गणितं घोटली. मग हळूहळू ध्यानात आलं की आपल्याकडे त्या काळी बँका, मोजके अपवाद सोडले तर, शेअर विकत घ्यायला कर्जच देत नव्हत्या. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध होते आणि ते मला झोपेतही सांगता आले असते, कारण मी त्याच निर्बंधांखाली काम करत होते! भारतातली बरीच डील वीस-पंचवीस टक्के हिस्सा घेऊन वाढीला पैसा पुरवण्याची असतात. कंपनी मालकाकडेच राहते आणि फंड तिथे पाहुणा असतो. मग खरा अभ्यास असतो तो करारांचा. पुढच्या फेरीत भाव पडला तर आपला हिस्सा कसा जपायचा, मालक विकायला निघाला तर त्याच्याबरोबर आपणही कसे विकायचे, पाच वर्षांत आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, आला नाही तर काय, कुठल्या निर्णयांना आपली संमती लागेल. हे मला कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा सेबीच्या संकेतस्थळावरच्या माहितीपत्रकांतून जास्त शिकायला मिळालं.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते. आयपीओचं माहितीपत्रक उघडा आणि भांडवलाच्या इतिहासाचं प्रकरण वाचा. कुठल्या फंडाने कधी आणि किती रुपयांना शेअर घेतले, विकणाऱ्याचा सरासरी खरेदी भाव काय, सगळं छापलेलं असतं. आत कितीला शिरले, बाहेर कितीला पडले, मध्ये किती वर्षं गेली, यावरून परतावा स्वतः काढायचा. मी स्टेट बँकेच्या क्रेडिट कार्ड कंपनीपासून, एसबीआय कार्ड्सपासून, सुरुवात केली. तिची अमेरिकी भागीदार जीई बाहेर पडली तेव्हा, २०१७ मध्ये, कार्लाइल या अमेरिकी फंडाने त्यात २६ टक्के हिस्सा घेतला. मार्च २०२० च्या आयपीओत त्यांनी ७५५ रुपयांच्या भावाने सुमारे ९.३२ कोटी शेअर विकले, म्हणजे सात हजार कोटींच्या वर. जवळपास सोळा टक्के तरीही हातात राहिले. कोविडच्या पडझडीत शेअर नोंदला गेला तो आयपीओच्या भावाच्या खाली, ६५८ ला. आयपीओत घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी तोटा आणि त्याच शेअरवर आधीच आलेल्याला मोठी कमाई. हे शेजारी-शेजारी मांडल्यावर प्रवेशाचा भाव म्हणजे काय हे मला प्रथमच नीट समजलं. अशी तीसेक माहितीपत्रकं मी वाचली, त्यात आपल्या मंचरच्या पराग मिल्कचं २०१६ चंही होतं.

डिसेंबरमध्ये पहिली मॉडेलिंग परीक्षा, म्हणजे कंपनीच्या पुढच्या वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये मांडून दाखवायची, मिळाली, बीकेसीतल्या एका फंडात. एक खोली, एक लॅपटॉप आणि तीन तास. एक उत्पादक कंपनी दिली होती. विक्री वर्षाला १८ टक्के वाढत आलेली, व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा विक्रीच्या १५ टक्के, कंपनीचा भाव त्या नफ्याच्या बारापट. शंभर कोटी घालायचे की नाही, मॉडेल करा आणि दोन पानांत शिफारस लिहा.

माझं मॉडेल अडीच तासांत झालं. ताळेबंद पैशापर्यंत जुळला. सात वर्षांच्या सवयीने मी सगळ्याला कात्री लावली. वाढ १८ वरून ८, नफा १५ वरून १३, विकतानाचा भाव बारापटीवरून दहापट. परतावा आला वर्षाला ४ टक्के. मी लिहिलं, "गुंतवणूक करू नये", आणि खाली सहा जोखमी मांडल्या. त्या सहाही खऱ्या होत्या.

समोर बसलेल्या माणसाने ती दोन पानं शांतपणे वाचली. मग इंग्रजीत विचारलं, "या पैशाचे तिप्पट व्हायचे असतील तर काय काय खरं ठरावं लागेल?"

पाच वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला साधारण २४.६ टक्के, हे मी झटकन सांगितलं. तो म्हणाला, आकडा नको, गोष्ट सांगा. कुठलं दुकान, कुठलं गिऱ्हाईक, कुठली नवी वस्तू. मला काहीच बोलता येईना. ती कंपनी काय बनवते, ते कोण विकत घेतं, का घेतं, याचा मी तीन तासांत एकदाही विचार केला नव्हता. तो म्हणाला, "मॉडेलमध्ये एकही चूक नाही. पण तुम्ही कर्जाचा प्रस्ताव लिहिलाय."

त्या संध्याकाळी मी बीकेसीपासून कुर्ला स्टेशनपर्यंत चालत गेले. नकार पचवता येतो. पण एवढी मेहनत करून मी पुन्हा तीच फाईल तशीच नाकारून आले होते, ते मला पचत नव्हतं.

मग जानेवारीत मी एक वही केली. बँकेत आपण दिलेलं कर्ज बुडालं तर त्या फाईलवर आपली सही असते. चौकशी होते, उत्तरदायित्व ठरतं, बढती अडते. पण नाकारलेलं कर्ज? तो उद्योग पुढे चालला की बुडाला, हे कोणी विचारत नाही. ती फाईल बंद होते आणि तो माणूस दुसऱ्या बँकेत जातो. म्हणजे माझ्या निम्म्या निर्णयांचा हिशेब मी कधीच पाहिला नव्हता. २०१५ ते २०१९ या काळात मी ठामपणे नाही म्हटलेल्या कंपन्या आठवून आठवून लिहिल्या. अकरा आठवल्या. बँकेचा एकही कागद मी घरी आणला नाही. ते चुकीचंच झालं असतं आणि गरजही नव्हती. कंपनी खासगी असली तरी तिचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल होतात आणि एका कंपनीचे कागद पाहायला शंभर रुपये लागतात. अकराशे रुपयांत मला माझ्या नकारांचा निकाल मिळाला.

अकरातल्या दोन संपल्या होत्या. एक दिवाळखोरी न्यायाधिकरणात आणि दुसरीने हिशेब भरणंच थांबवलेलं. पाच होत्या तिथेच होत्या, दोन पावलं पुढे, एक मागे. उरलेल्या चार चांगल्याच वाढल्या होत्या. त्यातल्या एकीची विक्री सहा वर्षांत चौपट झाली होती.

त्या चार कंपन्यांवर मी पूर्ण फेब्रुवारी घालवला. तिघींना मी तारण कमी म्हणून नाकारलं होतं आणि चौथीला डीएससीआर, म्हणजे कमाई वर्षाच्या हप्ता-व्याजाच्या कितीपट आहे तो आकडा, १.१५ च भरतो म्हणून. वाढीला कारण ठरलेली गोष्ट माझ्या मूळ टिपण्णीत होती का, हे मी आठवून पाहिलं. दोन ठिकाणी ती होती आणि मी तिला जोखमींच्या रकान्यात बसवलं होतं. एकीबद्दल लिहिलं होतं, साठ टक्के विक्री एकाच ग्राहकाला होते. तेव्हा ते वाक्य धोक्याचं होतं. पुढे तोच ग्राहक वाढत गेला आणि हिला बरोबर घेऊन गेला. या ग्राहकाने हिलाच का निवडलं, दुसऱ्याकडे जाणं त्याला किती अवघड आहे, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. कर्ज देतानाही विचारायला हवं होतं.

आणि ज्या दोन बुडाल्या, तिथे माझी नजर बरोबर होती. एकीची जीएसटी विवरणातली विक्री आणि स्टॉक स्टेटमेंटमधली विक्री जुळत नव्हती. दुसरीचं येणं तिच्याच भावकीतल्या कंपन्यांकडून होतं, फिरवाफिरवीचं. हे ओळखायला मला कुठलं मॉडेल लागलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मला जुनी नजर टाकून द्यायची नाहीये, तिच्याशेजारी दुसरी कमवायची आहे.

मार्चमध्ये एका तिसऱ्या फंडाने बोलावलं. मधल्या दुसऱ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, त्यांनी शेवटी आपल्यातल्याच कोणाला तरी घेतलं. या तिसऱ्यांनी वेगळंच काम दिलं. स्वतः एक कल्पना आणा, कुठल्या धंद्यात पैसे घालाल आणि का. मुदत तीन आठवडे.

त्याच सुमारास मिरजेत माझ्या मावशीच्या मोतीबिंदूची तारीख पडली होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून जत, कवठे महांकाळ, पलीकडे अथणी, चिकोडीपर्यंतची माणसं मिरजेला येतात. मी मावशीबरोबर ओपीडीत बसले. सकाळी नऊपासून दीडपर्यंत ७४ पेशंट आले. बाकावर गप्पा मारत मी जमेल त्याला विचारलं, कुठून आलात, कोणाकडे आलात. मावशी वैतागली. "अगं, डोळा माझा आहे का तुझी परीक्षा?" मी म्हटलं, मावशी, दोन्ही.

बहुतेकांनी डॉक्टरांचं नाव घेतलं. "आमच्या आईचा डोळा त्यांनीच केला." दोन दिवसांनी मी दुसऱ्या एका रुग्णालयात गेले, जिथे सहा डॉक्टर आहेत. तिथे निम्म्याहून जास्त लोकांनी रुग्णालयाचं नाव सांगितलं. माझा सगळा प्रस्ताव त्या एका फरकातून निघाला. पेशंट डॉक्टरकडे येतो की पाटीकडे येतो? डॉक्टरकडे येत असेल तर आपण इमारत विकत घेतोय, धंदा डॉक्टरांबरोबर उठून जाईल. पाटीकडे येत असेल तर दुसऱ्या गावात पाटी लावता येते.

डोळ्यांच्या दवाखान्याचं गणित मला मनापासून आवडलं. पेशंट त्याच दिवशी घरी जातो, खाटा अडत नाहीत. एका ऑपरेशन थिएटरात दिवसाला पंधरा-वीस मोतीबिंदू होऊ शकतात. खर्च मोठा तो यंत्रांचा आणि डॉक्टरांचा, पेशंट वाढले की तो वाटला जातो. जिल्ह्याच्या ठिकाणची तीन-चार चालती रुग्णालयं एकत्र आणायची, डॉक्टरांना हिस्सेदार ठेवायचं, आणि मग तालुक्याला लहान केंद्रं काढायची, असा माझा आराखडा होता. डॉक्टर पैसे घेऊन समोरच नवा दवाखाना काढतील, त्याचं काय? वकील मैत्रिणीने सांगितलं की भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्याच कायद्याच्या, कलम २७ मुळे नोकरी सोडलेल्या माणसाला धंदा करू नकोस असं बांधून ठेवता येत नाही. मात्र धंद्याचा नावलौकिक विकला असेल तर वाजवी मर्यादेत बंधन घालता येतं. म्हणजे डॉक्टरांना नोकरीवर घेऊन भागणार नाही, त्यांची प्रॅक्टिसच रीतसर विकत घ्यायची आणि किमतीचा काही भाग पुढच्या चार वर्षांत, आकडे जमले तर द्यायचा. मी सहा पानं लिहिली. तिप्पट व्हायला काय खरं ठरावं लागेल हे पहिल्या पानावर, पैसे कशाने बुडतील हे दुसऱ्या पानावर.

मुलाखतीत दोन भागीदार होते. पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटल्सवर बराच वेळ बोलणं झालं. २०१९ मध्ये एव्हरस्टोन या फंडाने ती घेतली होती, डॉक्टरांनी उभ्या केलेल्या संस्थेत फंड आल्यावर काय बदलतं, काय बदलू नये. मग ज्येष्ठ भागीदाराने विचारलं, "तुम्ही सात वर्षं बँकेत होतात. नाही म्हणून चुकलात असं कधी कळलं?"

मी वहीबद्दल सांगितलं. नावं सांगितली नाहीत. अकरा, दोन, पाच, चार, एवढंच. कोणत्या दोन ठिकाणी वाढीचं कारण मी जोखमीत लिहिलं होतं आणि कोणत्या दोन ठिकाणी मला कुजका वास आधीच आला होता, हेही सांगितलं. बोलणं ठरलेल्या एका तासाऐवजी अडीच तास चाललं. मे महिन्यात पत्र आलं.

पुढचा भाग घरातला आहे आणि तो मला सगळ्यात जड गेला. बाबा एका सहकारी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सहकारी बँका बुडताना त्यांनी जवळून पाहिल्यात, ठेवीदारांच्या रांगा पाहिल्यात. ते म्हणाले, "तारण नाही, हप्ता नाही, व्याज नाही. दुसऱ्याच्या धंद्यात पैसे घालून सात वर्षं वाट बघायची. हे पैसे कोणाचे असतात?" मी विमा कंपन्या, पेन्शन फंड असं काही सांगितलं. त्यांना ते पटलं नाही आणि मी वाद घातला नाही.

हिशेबाची बाजूही होती. आमच्या ठाण्याच्या घरावर बँकेचं कर्मचारी सवलतीच्या दराचं गृहकर्ज होतं. राजीनामा दिला की ते बाजारदराला जातं. नवी जागा माझ्या हुद्द्यापेक्षा एक पायरी खाली होती, ठरलेला पगारही थोडा कमी. नफ्यातला वाटा मिळालाच तर सहा-सात वर्षांनी. नवऱ्याने आणि मी दोन रविवार कागद घेऊन काढले. आठ महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही असं ठरवलं होतं, तो मेपर्यंत पडला होता. गाडी बदलायचं रद्द केलं. हा हिशेब आधी करा, मॉडेल नंतर शिका, असं मी मैत्रिणींना कळकळीने सांगते. मुलाखतीत हात थरथरत नाहीत ते यामुळे.

नव्वद दिवसांचा नोटीस काळ फायली सोपवण्यात गेला. त्याच ऑगस्टमध्ये एका सकाळी बाबांचा फोन आला. पेपरात बातमी होती, सह्याद्री हॉस्पिटल्स आता ओन्टारियो टीचर्स पेन्शन प्लॅन घेतोय. "म्हणजे कॅनडातल्या मास्तरांच्या पेन्शनचे पैसे?" मी म्हटलं, हो बाबा. ते थोडं थांबले. "मग जपून घालत जा. मास्तरांचे आहेत."

सप्टेंबर २०२२ मध्ये मी रुजू झाले. पहिली डील माझ्याकडे आली ती सांगली भागातल्या एका यंत्रभाग बनवणाऱ्या कंपनीची. कारखान्यात गेले तेव्हा त्यांच्या अकाउंटंटने सवयीने स्टॉक स्टेटमेंटची फाईल पुढे केली. मी ती वाचली, पूर्ण वाचली, आणि मग परत आलेल्या मालाचं रजिस्टर मागितलं, तीन वर्षांचं. त्यांच्या चार ग्राहकांना भेटले. प्रस्ताव लिहिला आणि घ्यावी अशी शिफारस केली. गुंतवणूक समितीत दोन तास चर्चा झाली आणि शेवटी नाही असं ठरलं. भाव जास्त वाटला. मला तो जास्त वाटला नव्हता, ते मी बैठकीत बोलले आणि इतिवृत्तात तसं नोंदवलं गेलं.

घरी येऊन मी वही काढली. अकरा नावांखाली बारावं नाव लिहिलं, तारीख घातली आणि समोर आमचा देऊ केलेला भाव आणि मालकाने मागितलेला भाव. त्यांचे पुढच्या वर्षाचे हिशेब ऑक्टोबरअखेरीस दाखल होतील. शंभर रुपये लागतील.